मॉरिशस : साउथ टूर एका दिवसात, सोबत सासू-सासरे आणि मुलगा. काय ठेवू, काय गाळू?

मांजलपूरवाली

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला चाललोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई-सासरे. बडोद्याहून ट्रेननी मुंबई आणि तिथून डायरेक्ट फ्लाइट, हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला. समुद्रात डुंबायचे दिवस वेगळे ठेवलेत पण एक पूर्ण दिवस गाडी आणि गाईड घेऊन बेटाचा आतला भाग बघायचाय, डोंगर, जंगल, धबधबा, ती सात रंगांची माती वगैरे.

एजंटनी जो प्रोग्राम पाठवलाय तो असा आहे, सकाळी साडेनऊला पिकअप, मग जहाजांच्या मॉडेलची फॅक्टरी, मग क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, मग ड्यूटी फ्री शॉपिंग, मग गंगा तलाव, मग जंगलाचा व्ह्यूपॉइंट, मग शामारेलचा धबधबा आणि सातरंगी माती, मग रमची डिस्टिलरी, मग प्राण्यांचा पार्क आणि शेवटी ल मॉर्नचा बीच "वेळ उरल्यास". वाचूनच दमायला झालं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर त्या बऱ्या चालतात पण पायऱ्या दिसल्या की थांबतात. मुलाला घाटात गाडी लागते. आणि घरात कोणी पीत नाही, तर डिस्टिलरीत आम्ही करणार काय?

मुलगा रोज ते समुद्राच्या आतल्या धबधब्याचे व्हिडिओ दाखवतो आणि तो बघायचाच म्हणतो, तो ह्या टूरमध्ये दिसतो का? आणि सासरे म्हणतात की तिथला गंगा तलावाचा महादेव आपल्या बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या महादेवावरून केलाय, हे खरं का कोणी सांगेल? त्यांना तो बघायचाच आहे, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल म्हणतात.

जाऊन आलेल्यांनी प्लीज नीट सांगा.

दांडियाबाजारकर

ताई, आईवडिलांना घेऊन आम्ही हीच टूर केलीये म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सासऱ्यांचं. हो, खरं आहे. गंगा तलावाच्या वाटेवर जो मंगल महादेव उभा आहे तो १०८ फुटांचा, २००७ साली पूर्ण झाला आणि तो आपल्या सूरसागरच्या मूर्तीवरूनच घडवलेला आहे. उभं राहण्याची ढब, त्रिशूळ, सगळं ओळखीचं वाटतं. फरक एवढाच की आपला महादेव पाण्याच्या मधोमध आहे आणि आता सोन्याने मढवलाय, तिथला रस्त्याच्या कडेला जमिनीवर उभा आहे आणि तलाव थोडा पुढे. माझे वडील गाडीतून उतरून बराच वेळ नुसते बघत उभे होते, आयुष्यभर सूरसागरवरून येजा केलेल्या माणसाला परदेशात तोच चेहरा दिसला तर काय वाटेल. तुमच्या सासऱ्यांना तिथे घाई करू नका.

आता प्रोग्राम. फॅक्टरी, शॉपिंग, डिस्टिलरी आणि प्राण्यांचा पार्क, हे चारही सरळ काढून टाका. पहिल्या तीन ठिकाणी तुम्ही विकत घ्यावं म्हणून थांबवतात आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास जातो. प्राण्यांचा पार्क चांगला असतो पण त्याला स्वतंत्र दिवस लागतो, त्यात तासभर जाऊन काहीच होत नाही, मुलगा उलट रडेल निघताना. उरलं काय? विवर, गंगा तलाव, जंगलाचा व्ह्यूपॉइंट, शामारेल आणि ल मॉर्न. हीच खरी टूर आहे आणि एवढी एका दिवसाला भरपूर आहे.

दुसरं म्हणजे साडेनऊ फार उशीर. एजंटला सांगा साडेसात, फार तर आठ. बेटाचा मधला भाग उंच आहे आणि समुद्रावरचे वारे तिथे अडतात, त्यामुळे बीचवर कडक ऊन असताना क्युरपिपला धुकं आणि झिमझिम असू शकते आणि दुपारकडे ढग वाढतातच. सकाळी सकाळी वरचं सगळं बघून घ्या आणि मग खाली उतरत समुद्राकडे या. फ्लिक आँ फ्लाकहून हा रस्ता एक वर्तुळ होतो, वर क्युरपिप, मग गंगा तलाव, मग जंगलातून शामारेल, तिथून घाट उतरून पश्चिम किनारा, ल मॉर्न आणि किनाऱ्याकिनाऱ्याने परत हॉटेल. उलटं फिरावं लागत नाही. उत्तरेत हॉटेल असतं तर वेगळं सांगितलं असतं.

गुडघ्यांचं म्हणाल तर विवराला गाडी अगदी काठापर्यंत जाते, त्याच्या कडेने गोल रस्ताच आहे, उतरून कठड्याशी उभं राहायचं. गंगा तलावाला थोड्या पायऱ्या आहेत घाटावर, पण वरूनही दर्शन होतं. शामारेलला धबधब्यासाठी वेगवेगळ्या उंचीवरून बघायच्या जागा आहेत, वरच्या जागेला पायऱ्या जास्त, सासूबाईंना खालच्या कठड्यावरूनच दाखवा, तिथूनही पूर्ण दिसतो. सातरंगी मातीभोवती लाकडी वाट आहे, सपाट म्हणावी अशी. धबधबा आणि माती दोन्हीचं तिकीट एकच असतं हे लक्षात ठेवा, कोणी वेगवेगळे पैसे मागितले तर विचारा.

मुलाला गाडी लागते तर शामारेलच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रस्ते वळणाचे आहेत. पुढे बसवा, आदल्या रात्री जागू देऊ नका, गोळी अर्धा तास आधी.

आत्मज्योती_रोड

काकूंचे गुडघे दुखत असतील तर साउथ टूर करताच कशाला? नॉर्थ करा. पाम्प्लमूसचं बोटॅनिकल गार्डन पूर्ण सपाट आहे, सावली आहे, आणि ती परातीएवढी, खरं तर त्याहून किती तरी मोठी पानं असलेली कमळं तिथे आहेत. तालीपोट पाम तिथे बघायला मिळतो जो कित्येक दशकांनी आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग वाळून जातो. माझ्या सासूबाईंना तेच सगळ्यात आवडलं. सातरंगी माती म्हणजे मला तर फोटोतच मोठी वाटली, प्रत्यक्षात छोटीशी जागा आहे.

दांडियाबाजारकर

गार्डन छान आहेच, ना नाही. पण ताईंना डोंगर-जंगल बघायचंय आणि सासऱ्यांना महादेव, तो दक्षिणेतच आहे. दोन्ही एका दिवसात कोंबू नका एवढंच. गार्डन वेगळ्या दिवशी अर्ध्या दिवसात होतं.

दगडमाती

सातरंगी माती छोटी आहे हे बरोबर आहे, चालत चालत पंधरा-वीस मिनिटांत बघून होते. पण ती काय आहे हे माहीत असेल तर तिथून पाय निघत नाही, म्हणून जरा लांब लिहितोय. मी इथल्या एम एस युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी शिकलोय आणि आम्हाला पहिल्या वर्षी पावागडला नेतात, सगळ्या बडोदेकरांना पावागड म्हणजे कालिका माता आणि रोपवे, पण तो डोंगर लाव्हाचा आहे, दख्खनचा जो काळा पाषाण आहे त्याचाच हा उत्तरेकडचा भाग.

आता मजा बघा. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आला आणि बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की तो जमिनीखाली खोलवर असलेल्या एका तप्त जागेतून आला, तिला रियुनियन हॉटस्पॉट म्हणतात. तेव्हा भारत खूप दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. खालची तप्त जागा आपल्या जागी, वरची प्लेट, म्हणजे जमिनीचं कवच, सरकतेय. मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला तर कसे एकामागून एक डाग पडतील, तसं झालं. आधी दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीवच्या खालची रांग, मग चागोस बेटं, मग मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, आणि आता शेजारचं रियुनियन बेट, जिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही लाव्हा ओकतो. म्हणजे पावागडचा दगड आणि तुम्ही क्युरपिपला ज्या विवराच्या काठावर उभ्या राहाल तो दगड, दोघांचं मूळ एकच. मुलाला आधी पावागड दाखवून न्या, मी मनापासून सांगतोय, दोन्ही बघितलं की त्याला भूगोल वेगळा शिकवावा लागणार नाही.

क्युरपिपचं विवर, नाव त्रू ओ सेर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, आतून धूर-बिर काही येत नाही, तळाशी गाळ आणि पाणी आणि सगळीकडे झाडी. काही लोक तिथे येऊन "हे काय, खड्डाच तर आहे" म्हणून निघून जातात, वाईट वाटतं. गंगा तलावही असाच विवरात साठलेल्या पाण्याचा तलाव आहे. एकात झाडी माजली, दुसऱ्यात तलाव झाला, एका दिवसात दोन्ही बघायला मिळतात, हे एजंट कधी सांगत नाही.

आणि माती. लाव्हाचा काळा दगड गरम आणि भरपूर पावसाच्या हवेत लाखो वर्षं कुजतो, त्यातलं जे पाण्यात विरघळतं ते वाहून जातं आणि मागे राहतात लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंडामुळे लाल, तपकिरी, काळपट छटा, ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळट. कोकणात जांभा दगड असाच तयार झाला, ज्यांचं गाव रत्नागिरीकडे आहे त्यांना ही लाल माती अनोळखी वाटणार नाही. तिथे झाडं उगवत नाहीत कारण झाडाला लागणारं त्यात काही उरलेलंच नाही. ऊन असताना बघा, ढगाळ असेल तर रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. दुकानात काचेच्या नळीत भरलेली माती मिळते, ती मुलाला घेऊन द्या, पण कुंपणाच्या आत हात घालून कोणी उचलायची नाही, एवढी छोटी जागा आहे, प्रत्येकाने चिमूट घेतली तर काय राहील.

मांजलपूरवाली

दगडमाती दादा, हे वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि पावागडचा प्लॅन पुढच्या रविवारचा ठरला सुद्धा. सासरे म्हणतात चला, देवीचं दर्शनही होईल.

समुद्रातल्या धबधब्याचं मात्र कोणी सांगितलं नाही अजून. आणि खाण्याचं. आम्ही अंडंसुद्धा खात नाही.

गेंडीगेट

समुद्रातला धबधबा गाडीतून दिसत नाही, बीचवरूनही नाही. तो धबधबा नाहीच मुळात. ल मॉर्नच्या टोकाशी समुद्राचा उथळ तळ एकदम संपतो आणि खोल कडा सुरू होतो, त्या कड्यावरून वाळू आणि गाळ सरकत खाली जातात आणि वरून बघितलं की पाणीच खाली पडतंय असं वाटतं. हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच दिसतं आणि ते खूप महाग आहे. मुलाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तिथे जाऊन हिरमोड होईल. त्याऐवजी ल मॉर्नचा डोंगर दाखवा, ५५६ मीटरचा सरळसोट कातळ समुद्रातून वर आलाय. गुलामीतून पळालेले लोक त्या कातळावर लपून राहायचे, म्हणून २००८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलाला कळते, सांगा त्याला.

वारसिया_ताई

खाण्याची काही काळजी करू नका गं. तिथे रस्त्यावर ढोल पुरी मिळते, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, त्यात भाजी आणि चटणी घालून गुंडाळून देतात. आपली पुरणपोळी तिखट केली तर कशी लागेल तशी. सांगताना मात्र अंडं, मासे नको असं स्पष्ट सांगायचं. गातो पिमाँ म्हणून डाळीचे तिखट वडे मिळतात. मुलाला अलूदा द्या, आपल्या फालुद्यासारखंच थंड दूध असतं. लिलो चेवडो आणि थेपले बॅगेत टाकाच, घाटात भूक लागली की कामी येतात, पण ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं नेऊ नका, त्यावर तिथे कडक नियम आहेत.

मला वेगळंच सांगायचंय. गाईड मागताना मराठी मूळचा मिळतो का विचारा. माझं माहेर सावंतवाडीकडचं, तिकडची माणसं १८३४ नंतर गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर म्हणून तिथल्या उसाच्या मळ्यात गेली, त्यामुळे मला आधीपासून उत्सुकता होती. बेटाच्या पश्चिम भागात, तुमच्या हॉटेलपासून जवळच, त्यांची जुनी गावं आहेत, कॅस्केव्हेल त्यातलं एक. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, झाकरी नाचतात, शाळांमधून मराठी शिकवतात. रोजच्या बोलण्यात सगळे क्रिओल बोलतात, आमचा ड्रायव्हर मराठी घरातला होता, त्याला मराठी तोडकंमोडकंच येत होतं पण गणपतीची आरती पूर्ण पाठ होती. गंगा तलावाला त्याने आम्हाला देवळातलं सगळं समजावून सांगितलं. महाशिवरात्रीला अख्ख्या बेटावरून लोक कावड घेऊन पायी चालत तिथे येतात. तलावाला गंगेचं नाव का तर १८९८ च्या सुमाराला त्रिओले गावच्या एका पुजाऱ्यांना स्वप्नात दिसलं की इथलं पाणी गंगेशी जोडलेलं आहे, आणि पुढे १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं. तिथल्या लोकांसाठी ही नुसती बघायची जागा नाही, म्हणून पूर्ण कपडे घालून जा, बीचवरच्या चड्ड्यांत लोक येतात ते बघून मला राग आला होता. वर गार वारा असतो, सासूबाईंना शाल द्या. आणि माकडं! हातात केळी दिसली की घेतलीच. प्रसाद पिशवीत ठेवा.

कमाटीबाग_पक्षी

उशिरा लिहितोय पण जंगलाच्या व्ह्यूपॉइंटबद्दल कोणीच दोन शब्दांच्या पुढे गेलं नाही म्हणून. बहुतेक गाईड ब्लॅक रिव्हर गॉर्जेसला गाडी थांबवतात, "फोटो, फोटो" करतात आणि दहा मिनिटांत चला म्हणतात. असं होऊ देऊ नका. ठरवतानाच सांगा की इथे आम्हाला अर्धा तास पाहिजे.

१९९४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं, साडेसहा हजार हेक्टरच्या वर जंगल आहे आणि बेटाचं मूळचं जे काही उरलंय ते जवळजवळ सगळं इथेच. बाकी बेट ऊस झालं. डोडो इथलाच, माणसं आल्यावर शंभर वर्षांच्या आत संपला, सतराव्या शतकातच. पण त्याच्या पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा ससाणा आहे, जगात फक्त याच बेटावर, १९७४ मध्ये जंगलात त्याचे ४ पक्षी माहीत होते. चार! अंडी काढून उबवणं, पिल्लं वाढवणं, घरट्यासाठी पेट्या लावणं असं करून करून त्याची संख्या काहीशेवर नेली लोकांनी. गुलाबी कबूतर आणि हिरवा पोपट यांचंही तसंच. डोडो ज्या बेटावर गेला त्याच बेटावर हे झालं. मुलाला डोडोचं फ्रिज मॅग्नेट सगळे घेऊन देतील, तुम्ही ही गोष्ट सांगा.

ससाणा दिसेलच असं नाही. पण व्ह्यूपॉइंटवर शांत उभं राहिलात तर दरीत पांढरे लांब शेपटीचे पक्षी तरंगताना दिसण्याची चांगली शक्यता असते, त्यांना तिथे पाय आँ क्यू म्हणतात, तुमच्या विमानाच्या शेपटीवर बहुतेक तोच असेल. दुर्बीण न्या. साधी चालेल. आणि तिथली माकडंसुद्धा मूळची नाहीत, माणसांनी आणलेली आहेत आणि पक्ष्यांची अंडी खातात, त्यांना वेफर खायला घालू नका प्लीज, मुलं हट्ट करतात तरीही नाही.

मांजलपूरवाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणत्या एजंटनी सांगितलं नसतं.

आज त्याला फोन केला. आधी तो म्हणाला की स्टॉप बदलता येत नाहीत, फिक्स असतात. मग मी म्हटलं आम्हाला सीट इन कोच, म्हणजे इतरांबरोबरची बस नको, फक्त आमची गाडी आणि गाईड द्या, तेव्हा तयार झाला, पैसे थोडे जास्त आहेत पण पाच जणांत बसतं. पावणेआठला पिकअप. विवर, गंगा तलाव, गॉर्जेसला अर्धा तास लिहून घेतलाय, शामारेल, तिथेच जेवण, मग ल मॉर्न. फॅक्टरी, शॉपिंग, डिस्टिलरी, पार्क सगळं कट. मराठी गाईडचं सांगितलंय, मिळाला तर बघू. आत्मज्योती ताई, गार्डन शेवटच्या दिवशी सकाळी ठेवलंय, तुमच्यामुळेच.

एक राहिलं, ल मॉर्नला समुद्रात उतरायचं झालं तर सासूबाईंना काय घालायला देऊ पायात?

गेंडीगेट

रबरी तळाचे पाण्यातले बूट मिळतात, इथूनच न्या, तिथे महाग पडतील. तळाशी प्रवाळाचे तुकडे असतात, काही ठिकाणी काटेरी सी अर्चिन पण, त्यामुळे अनवाणी कोणीच नको, मुलगा तर नाहीच. घरच्या स्लिपरा लाटेत निघून जातात. मुख्य म्हणजे लाटा प्रवाळाच्या रांगेवर बाहेरच फुटतात, आत पाणी संथ असतं, सासूबाई गुडघाभर पाण्यात आरामात उभ्या राहू शकतील.

दांडियाबाजारकर

आणि घड्याळ दीड तास मागे करायला विसरू नका, नाहीतर पावणेआठला तुम्ही सव्वासहालाच खाली येऊन बसाल. व्हिसा आपल्याला तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग प्रिंट काढून ठेवा, सासऱ्यांच्या हातात एक वेगळा सेट द्या.